दोन वर्षांचं कॉलेज, चार वर्षांची डिग्री

आजची गोष्ट अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजची. घराजवळचं सरकारी कॉलेज, फी कमी, आणि प्रवेशासाठी मेरिट लिस्टची भानगड नाही. फक्त एक गोम होती. इथे पहिली दोनच वर्षं शिकायची. बॅचलर डिग्री हवी असेल तर पुढची दोन वर्षं दुसरीकडे.

हे असं का? त्यासाठी १९०१ मध्ये जाऊ. शिकागोजवळचं जोलिएट हे गाव. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचं मत होतं की पहिली दोन वर्षं विद्यापीठाबाहेरही शिकवता येतील. जोलिएटच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी ते करून दाखवलं. विद्यार्थी किती? फक्त ६! पण गावातल्या पोरांना घरी राहून कॉलेज मिळालं.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक परतले, कॉलेजं भरली. १९४७ मध्ये ट्रूमन आयोगाने गावोगावी अशी कॉलेजं काढा असं सांगितलं आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रुळलं. १९६० मध्ये कॅलिफोर्नियाने तर कायद्यानेच वाटणी केली. डिग्री विद्यापीठं देणार, कम्युनिटी कॉलेजं दोन वर्षांवर थांबणार. कायद्यावर सही केली गव्हर्नर पॅट ब्राउन यांनी.

आता कागदावर हे सोपं दिसतं. डिग्रीला साधारण १२० क्रेडिट लागतात. ६० इथे, ६० तिथे. पण नोकरी करणारा माणूस, लहान मूल असलेली आई, यांनी गाव सोडून जायचं कसं? आणि गेलं तरी नवीन विद्यापीठ जुने क्रेडिट मान्य करेलच असं नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये अंदाज दिला, की कॉलेज बदलणाऱ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया जातात. म्हणजे वेळही गेला, पैसाही गेला.

म्हणून मग भिंत पडायला लागली. २००१ मध्ये फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्ग ज्युनिअर कॉलेजला बॅचलर डिग्री देण्याची परवानगी मिळाली, आणि नावातला ‘ज्युनिअर’ गेला. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियानेही प्रायोगिक परवानगी दिली. सही कोणाची? गव्हर्नर जेरी ब्राउन यांची. पॅट ब्राउन यांचे चिरंजीव! बापाने घातलेलं कुंपण मुलाने थोडं उघडलं. मुख्य अट अशी, की विद्यापीठात आधीपासून असलेला कोर्स इथे नको. त्यामुळे फूटहिल कॉलेजमध्ये डेंटल हायजीन आलं, सांता मोनिकामध्ये इंटरॅक्शन डिझाइन. चार वर्षांची फी मिळून साधारण साडेदहा हजार डॉलर. २०२१ मध्ये ही सोय कायमची झाली.

आपल्याकडेही २०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. तेव्हा या गोष्टीतून एक घ्या. प्लॅन शेवटापासून करा. डिग्री कोण देणार, त्यांना कोणते विषय चालतात, हे पहिल्याच सेमिस्टरला विचारा आणि लेखी घ्या. क्रेडिट कमावणं अर्धं काम. ते पुढे मोजले गेले, तरच डिग्री हातात पडते.