ज्येष्ठमध

(सं. यष्टिमधु, मधुक, चिनी गानत्साओ, कुल–फॅबेसी). गोड मुळांसाठी प्रसिद्ध असलेली बहुवर्षायू औषधी वनस्पती. भारतीय वैद्यकात मुख्यतः ग्लिसिऱ्हायझा ग्लॅब्रा ही जाती, तर चीनमध्ये तिच्याबरोबर ग्लि. युरालेन्सिसही वापरतात. गोडीचे कारण ग्लिसिऱ्हायझिन. ते साखरेच्या सुमारे 50 पट गोड असते.

एकाच मुळाकडे दोन वैद्यके किती निराळ्या नजरेने पाहतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. चरकसंहितेत ते जीवनीय आणि कंठ्य गणांत येते. महाराष्ट्रात गायक व कीर्तनकार आवाजासाठी त्याची काडी चघळतात. बाळगुटीतही त्याचे वळसे सहाणेवर उगाळतात. चिनी वैद्यकात मात्र ते बहुधा एकटे दिले जात नाही. काढ्यातील इतर द्रव्यांची तीव्रता कमी करून त्यांचा मेळ घालणे हे त्याचे काम. म्हणून असंख्य पाठांत त्याचे नाव आढळते. मधात परतलेले मूळ कच्च्याहून वेगळे औषध मानतात. पेटक्यांवर ते श्वेत पिओनीच्या मुळासह देतात.

‘वनस्पती म्हणजे निर्धोक’ ही समजूत येथे घातक ठरते. जास्त प्रमाणात किंवा दीर्घकाळ घेतल्यास शरीरात सोडियम व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. उच्च रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी ते वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये.

बेसुमार खोदाईमुळे वाळवंटीकरण वाढू लागल्याने चीनने 2000 मध्ये रानटी ज्येष्ठमध काढण्यावर निर्बंध घातले. भारताची गरज बरीचशी आयातीवर भागते.