कसीदा अल्-बुर्दा
मुहंमद पैगंबरांच्या स्तुतिपर प्रसिद्ध अरबी दीर्घकाव्य. कर्ता ईजिप्तमधील सूफी कवी अल्-बूसीरी (तेरावे शतक). सु. 160 द्विपदींच्या या रचनेचे 10 भाग पाडतात. प्रारंभी इस्लामपूर्व कसीदा या दीर्घकाव्यप्रकाराच्या रीतीचे विरहवर्णन आहे. पुढील आशयावर मात्र कुराणाचा ठसा आहे. सहावा भाग कुराणाच्या अनुपमेयतेवर, तर सातवा पैगंबरांच्या रात्रप्रवासावर व स्वर्गारोहणावर असून त्याला कुराणाच्या 17व्या व 53व्या सूरांचा (अध्यायांचा) आधार आहे. बद्र व हुनैन या कुराणात नामोल्लेख असलेल्या लढायाही काव्यात येतात. पैगंबरांनी स्वप्नात आपली शाल (बुर्दा) अंगावर पांघरवताच कवीचा अर्धांगवायू बरा झाला, या आख्यायिकेवरून हे नाव रूढ झाले. मीलादच्या (पैगंबरांच्या जन्मोत्सवाच्या) प्रसंगी अनेक मुस्लिम समाजांत त्याचे सामूहिक पठण होते.