पन्नास अंशांचे रीडिंग

बारावीच्या प्रात्यक्षिकातला तो प्रयोग तुम्हालाही आठवत असेल. कागदावर पेनाने फुली, तिच्यावर शंकुपात्र, त्यात गरम केलेले सोडियम थायोसल्फेट. वरून हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले की गंधकामुळे द्रावण गढूळ होई आणि फुली दिसेनाशी होई. तेवढे सेकंद मोजायचे. मग लॉगटेबल उघडून आलेख काढायचा आणि रेषेच्या उतारावरून सक्रियण ऊर्जा काढायची.

या रेषेमागे केवढा इतिहास आहे, हे मला फार उशिरा कळले. आम्लात उसाच्या साखरेचे विघटन किती वेगाने होते, हे लुडविग विल्हेल्मी यांनी 1850 मध्ये ध्रुवित प्रकाशाच्या मदतीने मोजले. 1884 मध्ये व्हान्ट हॉफ यांनी वेग आणि तापमान यांचे नाते समीकरणात मांडले. त्याच वर्षी स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाने स्वान्ते अर्‍हेनियस यांच्या प्रबंधाला अगदी खालची श्रेणी दिली. (त्याच विषयातील कामासाठी 1903 मध्ये त्यांना नोबेल मिळाले!)

1889 मध्ये अर्‍हेनियस यांनी विचारले, तापमान 10 अंशांनी वाढले तर रेणूंचा सरासरी वेग जेमतेम दोन टक्के वाढतो. मग अभिक्रिया जवळपास दुप्पट वेगाने कशी होते? त्यांचे उत्तर असे, की अभिक्रिया फक्त थोड्या ‘सक्रिय’ रेणूंची होते आणि तापमानाबरोबर त्यांचीच संख्या झपाट्याने वाढते. यासाठी त्यांनी इतरांनी प्रसिद्ध केलेली मोजमापेही वापरली. म्हणजे कुणीतरी प्रामाणिकपणे लिहून ठेवलेल्या आकड्यांवर त्यांचा विश्वास होता.

इथेच मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या जोडीला 30 अंशांवर 64 सेकंद मिळाले, 40 वर 34, आणि 50 वर 25. शेवटचा बिंदू रेषेबाहेर जात होता. आम्ही 25 चे 19 केले. रेषा सुरेख आली, बाईंनी सही केली.

आज सॉफ्टवेअरमधली चूक शोधताना नको असलेला आकडाच मी आधी पाहते. मग लक्षात आले, की 25 बरोबरच होते. थायोसल्फेट 50 अंशांचे होते, पण आम्ल थंडच ओतले होते. मिश्रण 50 वर नव्हतेच! चूक घड्याळात नव्हती, तापमानात होती.

जर्नल अजून माळ्यावर आहे. मेळाव्याला घेऊन येते. बाई, 19 खोडून 25 लिहिले आहे. पुन्हा सही कराल ना?