‘तत्रैव’ या शब्दाची जबाबदारी



इतिहासावर बोलायला मला बोलावले याचे आपल्याइतकेच मलाही नवल वाटले. मी कामगार संघटनेचा माणूस. शाळा अर्ध्यावर सुटली. पुढचे शिक्षण हजेरीपटांवर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. पण आज ज्या विषयावर बोलणार आहे, तो हजेरीपट आणि इतिहास या दोहोंच्या सीमेवरचा आहे.

आमच्या म्हसा गावच्या एका मुलाने नाणेघाटावर प्रबंध लिहिला. नाणेघाट आमच्या मुरबाड तालुक्याच्या पूर्व कडेला आहे. कोकणातून जुन्नरला चढणारी ती जुनी वाट. वर लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापण यांची मोजदाद त्यात अंकांनी कोरलेली आहे. मुलाने संगणकावर प्रबंध टंकला आणि तळटिपा तपासायला माझ्याकडे आणल्या.

तळटिपांत संक्षेप असायचेच. ‘जर्नल ऑफ द बॉम्बे ब्रँच ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी’ हे नाव दर पानावर कोण लिहील? म्हणून ‘ज. बॉ. ब्रँ. रॉ. ए. सो.’ झाले. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड काढला. त्या मालेचे ‘म. इ. सा.’ होते. आपल्याकडे ही कला नवी नाही. मोडी कागद लिहिणारे कारकून चंद्राला ‘छ’ आणि मौजेला ‘मौ॥’ लिहीत. वरचेच पुन्हा लिहायचे तर ‘कित्ता’ लिहून मोकळे होत. त्या कित्त्याचा संस्कृत पोशाख म्हणजे प्रबंधांतले ‘तत्रैव’: वरच्या टिपेत सांगितले त्याच ग्रंथात.

घोटाळा या ‘तत्रैव’नेच केला. टीप ४१ मध्ये भगवानलाल इंद्रजींच्या लेखाचा हवाला होता. त्या लेखातच नाणेघाटच्या अंकांच्या वाचनाचा विचार आहे, आणि तो वर सांगितलेल्या जर्नलाच्या बाराव्या खंडात आहे. टीप ४२ नुसती ‘तत्रैव’. पुढे मुलाने मध्येच ब्यूलरच्या १८८३ च्या ग्रंथाची टीप घातली. यंत्राने नेकीने ४२ चे ४३ केले. एक आकडा चुकला नाही. पण ‘तत्रैव’ म्हणजे काय हे यंत्राला कुठे ठाऊक? ते बिचारे आता ब्यूलरकडे बोट दाखवू लागले. भगवानलालांचे श्रम एका क्षणात दुसऱ्याच्या नावावर जमा झाले, आणि ते कोणी केले असे विचारावे तर कोणीच नाही!

ब्यूलरचे काम मोठेच आहे. त्यांना उसन्या श्रेयाची गरज नाही. पण भगवानलाल (१८३९–१८८८) कोण होते? जुनागडचा मुलगा. प्रिन्सेपच्या अक्षरांचा तक्ता हाती पडला, त्यावरून गिरनारचा लेख वाचू लागला. पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजींसाठी गावोगाव हिंडून शिलालेखांच्या नकला घेतल्या. लायडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही सन्माननीय पदवी दिली. अशा माणसाचे नाव तळटिपेतून गळाले, तर ते माझ्यासारख्याला झोंबणारच.

कारण हा घोटाळा मी पूर्वी पाहिलेला होता. तरुणपणी एका कारखान्यात हजेरीपटावर वरच्या माणसाचा दर खाली ‘कित्ता’ लिहून चालवीत. मध्ये एका नव्या, कमी दराच्या माणसाचे नाव घुसवून पट पुन्हा उतरवला गेला. खालच्या सर्व ‘कित्त्यां’नी नव्याचाच दर उचलला. जुन्या माणसांना महिनाअखेर पगार कमी का आला हे कळेना. लबाडी होती की गफलत, ते आजही सांगता येत नाही. पोटाला चिमटा मात्र खराच बसला.

म्हणून त्या मुलाला चार गोष्टी सांगितल्या. पहिली, लेखन चालू असेतो ‘तत्रैव’ लिहायचेच नाही. लेखकाचे नाव आणि छोटे शीर्षक लिहावे, ‘तत्रैव’ शेवटच्या हाताला. हवाले सांभाळणारे प्रोग्रॅम निघाले आहेत आणि ते पुष्कळदा हे काम स्वतः करतात. तरी शेवटी डोळ्यांनी वाचावेच. दुसरी, प्रारंभी संक्षेपसूची द्यावी. जो संक्षेप तीत नाही तो वापरू नये. तिसरी, ‘म.’च्या जागी पूर्ण नाव घालण्याचा हुकूम सगळ्या प्रबंधाला एकदम देऊ नये. वाक्याच्या शेवटी ‘मुक्काम.’ असेल तर त्याचेही शेपूट कापले जाते. चौथी, ‘म.’ एका ओळीत आणि ‘इ. सा.’ दुसऱ्या ओळीत पडू नये म्हणून मध्ये न तुटणारी जागा घालावी. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस एकदम दाबले की ती मिळते.

या क्षुल्लक गोष्टी आहेत असे कोणी म्हणेल. मी म्हणत नाही. तळटीप हा विद्वानांचा हजेरीपट आहे. कोणी किती काम केले ते तिथे लिहिलेले असते, आणि तो पट उघडून पाहण्याचा हक्क शेवटच्या बाकावरच्या वाचकालाही असला पाहिजे. नाणेघाटच्या लेखात दिलेली गाय अन् गाय मोजून लिहिली आहे. ते अंक वाचण्यासाठी झिजलेल्या माणसाचे नाव लिहायला आपण एक ओळ देऊ नये काय?