शेजारधर्म आणि बाजारपेठ

खुली बाजारपेठ स्वीकारा, अन्यथा एकटे पडा, अशी निवड १९९० च्या दशकात गरीब राष्ट्रांपुढे ठेवण्यात आली. परंतु शेजाऱ्यांनी प्रथम परस्परांचा हात धरावा आणि मग जगाच्या बाजारात उतरावे, असा तिसरा मार्गही इतिहासात आढळतो. बहुसंख्य कॅथलिक लोकवस्तीच्या दक्षिण अमेरिकेने तो चोखाळून पाहिला. ती कहाणी आम्हांस उद्बोधक वाटते.

ऐक्याचे स्वप्न तेथे जुनेच आहे. १८२६ साली सिमोन बोलिव्हारने नवस्वतंत्र राष्ट्रांची परिषद पनामा येथे बोलावली; ती निष्फळ ठरली. पुढे देशोदेशींची बंदरे युरोपकडे तोंड करून उभी राहिली आणि शेजाऱ्याकडे पाठ फिरली. १९५५ मध्ये लॅटिन अमेरिकेतील बिशपांनी रिओ द जानेरो येथे आपली संयुक्त परिषद स्थापन केली. माँटेव्हिडिओ येथे सरकारांचा व्यापारसंघ निघाला तो त्यानंतर पाच वर्षांनी.

संशय मावळल्यावाचून सहकार्य रुजत नाही. १९७८ च्या नाताळाच्या तोंडावर बीगल सामुद्रधुनीजवळील तीन बेटांसाठी अर्जेंटिना व चिली युद्धाच्या उंबरठ्यावर उभे होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी कार्डिनल आंतोनियो सामोरे यांना मध्यस्थीसाठी धाडले. युद्ध टळले आणि १९८४ मध्ये व्हॅटिकनमध्ये तहावर सह्या झाल्या. पुढच्याच वर्षी अर्जेंटिना व ब्राझील या दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांचे राष्ट्राध्यक्ष, आल्फोन्सिन व सार्नेय, इग्वासू येथे भेटले. त्यातूनच २६ मार्च १९९१ रोजी या दोघांसह पॅराग्वे व उरुग्वे यांचा 'मेर्कोसूर' हा संघ जन्मास आला.

संघाची खरी परीक्षा पुढे झाली. १९९४ मध्ये मायामी येथे अमेरिकेने ३४ देशांच्या मुक्त व्यापार क्षेत्राची योजना मांडली. आपल्या शेतकऱ्यांना भरघोस अनुदान देणारे बलाढ्य राष्ट्र इतरांना मात्र दारे उघडण्यास सांगत होते. नोव्हेंबर २००५ मध्ये मार देल प्लाता येथे मेर्कोसूरच्या चार देशांनी व व्हेनेझुएलाने नकार दिला आणि ती योजना बारगळली.

तथापि केवळ नकाराने गरिबाची चूल पेटत नाही. म्हणून संघाने एक निधी उभारला. त्यात ब्राझीलने शंभरातील ७० वाटे, अर्जेंटिनाने २७, उरुग्वेने २ आणि पॅराग्वेने १ वाटा द्यावा, असे ठरले. लाभ मात्र उलट: पॅराग्वेस ४८, उरुग्वेस ३२ आणि दोघा थोरल्यांना प्रत्येकी १० वाटे. इताइपू धरणाचा पॅराग्वे अर्धा मालक. पण तेथील वीज राजधानीकडे पुरेशी नेण्यास त्याच्यापाशी सक्षम वाहिनी नव्हती. ती २०१३ मध्ये याच निधीतून पूर्ण झाली.

हे चित्र निर्दोष नाही. १९९९ मध्ये ब्राझीलच्या चलनाचे मूल्य घसरताच अर्जेंटिनाच्या कारखान्यांना झळ बसली. धाकटी राष्ट्रे थोरल्यांच्या वर्चस्वाविषयी आजही कुरकुरतात. शेजारी-शेजाऱ्यांतील व्यापारही निव्वळ नफ्यावर चालला, तर ते छोटेखानी जागतिकीकरणच ठरते.

खरा फरक त्या ७० आणि १ या आकड्यांत आहे. १९९९ च्या आपल्या प्रबोधनपत्रात पोप दुसरे जॉन पॉल यांनी अमेरिका खंडाला ऐक्यभावाचे जागतिकीकरण करण्याचे आवाहन केले होते. शेजारी कोण, या शास्त्र्याच्या प्रश्नाला प्रभूने ज्याच्या दृष्टांताने उत्तर दिले, त्या शोमरोन्यानेही जखमी प्रवाशाचा खर्च स्वतःच्या पदरचा केला होता. राष्ट्रांचा शेजारधर्म याहून निराळा नसावा, असे आम्हांस वाटते.