कुलाब्यातून कुलाब्यात

अलिबागच्या पुळणीवर उभं राहिलं की समोर समुद्रात कुलाबा किल्ला दिसतो, काळ्या कातळावर काळ्याच दगडाचा. रायगडच्या किनाऱ्यावर बांधकामाचा दगड म्हणजे हाच. घरांची जोती त्याची, विहिरींचे काठ त्याचे, देवळांचे कट्टे त्याचे. पण याच किनाऱ्यालगत चुंबकीय वेधशाळेच्या आवारात ज्या जुन्या खोल्या आहेत, त्यांना हा हाताशी असलेला दगड चालला नाही. त्यांच्यासाठी दगड आला तो पोरबंदरचा, फिकट पिवळसर, ज्याची ने-आण समुद्रमार्गे चाले. बिजागऱ्या, कड्या आणि खिळे यांत लोखंडाला मज्जाव होता. त्याची जागा तांब्या-पितळेने घेतली.

कोकणातला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, आणि त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं. भिंत अशा दगडाची असली की ती स्वतःच बारीकसा लोहचुंबक होते. या खोल्यांत तर पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं होतं. सॉफ्टवेअर कंपन्यांत ज्याला ‘रिक्वायरमेंट’ म्हणतात, त्याला मराठीत एक घरगुती शब्द आहे, हवं-नको. अलिबागची वेधशाळा उभी राहिली ती बरीचशी ‘नको’च्या यादीवर, आणि ती यादी तयार व्हायला साठेक वर्षं लागली होती.

गोष्ट सुरू होते ती दुसऱ्या कुलाब्यात, मुंबईच्या. तिथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा बांधली. बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ हवी होती आणि त्यासाठी तारे पाहणं भाग होतं. १८४१ मध्ये मात्र वेधशाळेचं गिऱ्हाईकच बदललं. जर्मनीत गाउस आणि वेबर या शास्त्रज्ञांनी गटिंगेनहून एक योजना चालवली होती: जगभरच्या ठिकाणांनी एकाच क्षणी चुंबकसुईची नोंद घ्यायची. ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी ही कल्पना वसाहतींपर्यंत नेली आणि रॉयल सोसायटीने निरीक्षकांसाठी लेखी सूचना काढल्या. मुंबईत हे काम एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्याकडे आलं. आकडे कुलाब्यात टिपायचे आणि उपयोगी पडायचे ते हजारो मैलांवरच्या, कधी न भेटलेल्या माणसांना.

आणि कधी कधी न जन्मलेल्या माणसांनाही. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन यांनी इंग्लंडमध्ये सूर्यावर एक झगमगता स्फोट पाहिला. त्यानंतर दिवसभराच्या आत पृथ्वीवर जे चुंबकीय वादळ आलं, त्यात कुलाब्याच्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून टिपलेले आकडे साधारण १६०० नॅनोटेस्लांनी कोसळले. एरवी इथला रोजचा चढउतार पन्नासच्या आसपास असतो. त्या नोंदींचं मोल पुरतं कळलं ते २००३ मध्ये. ब्रूस त्सुरुतानी यांच्यासह गुरबक्ष लाखिना आणि एस. ॲलेक्स या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनी जुन्या नोंदवह्यांवरून त्या वादळाची तीव्रता नव्याने मांडली. १८५९ मध्ये सुईसमोर बसलेल्या माणसाला हे काम कशासाठी हे कुणी सांगू शकलं नसतं. त्याच्याकडे होती फक्त एक अट, नोंद चुकवायची नाही.

ही अट पुढे एका ट्रामने अडचणीत आणली.

मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. शहर वाढलं, गर्दी वाढली आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर ट्राम विजेवर चालवायचं ठरू लागलं. शहराची गरज खरीच होती. पण विजेच्या ट्रामचा प्रवाह वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. जाताना त्यातला काही जमिनीत पाझरतो. ट्राम सुटली, थांबली, चढाला लागली की हा पाझर कमी-जास्त होतो. लगतच्या चुंबकसुईला यातला प्रत्येक हेलकावा कळतो. जमिनीखालून फिरणारा हा प्रवाह वेधशाळेच्या भिंतीने अडत नाही. कुलाब्याच्या कागदावर सूर्य कमी आणि ट्रामचं वेळापत्रक जास्त उमटलं असतं.

त्या वेळी वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस. पुण्यात इंजिनिअरिंग, एडिंबरोत विज्ञान, एल्फिन्स्टनमध्ये अध्यापन असं करत ते १८९६ मध्ये कुलाब्याचे संचालक झाले. या पदावरचे ते पहिले भारतीय. ट्राम थांबवता येणार नव्हती, म्हणून वेधशाळेनेच हलायचं ठरलं. पण कुठे?

इथे हवं आणि नको एकमेकांशी भांडत होते. जागा मुंबईपासून दूर हवी, म्हणजे ट्रामचा पाझर पोचणार नाही; पण फार दूर नको, कारण अर्धं शतक ओलांडलेली नोंदींची साखळी तशीच पुढे चालवायची होती. डोंगरातला उघडा कातळ नको. पुढे कधी रूळ आणि कारखाने वाढतील असं गाव नको. रोज माणूस ठेवता येणार नाही इतकं आडबाजूचंही नको. अलिबाग मुंबईच्या दक्षिणेला साधारण ३० किलोमीटरवर, खाडीपलीकडचं, रेल्वे नसलेलं आणि तरीही जिल्ह्याचं ठाणं. जिल्ह्याचं तेव्हाचं नावही कुलाबाच. रायगड हे नाव त्याला १९८१ मध्ये मिळालं. वेधशाळा कुलाब्यातून निघाली आणि कुलाब्यातच आली.

दगड आणि खिळ्यांनंतर प्रश्न होता उष्णतेचा. तापमान बदललं की चुंबकाची ताकदही थोडी बदलते, मग कागदावर पृथ्वी दिसते की अलिबागची दुपार, हे सांगता येत नाही. म्हणून नोंदयंत्रांची खोली दुसऱ्या खोलीच्या पोटात बांधली. आत काळोख. बारीक धाग्याला टांगलेला चुंबक, त्यावर इवलासा आरसा, आरशावर दिव्याची तिरीप. ती परतून संथ फिरणाऱ्या नळकांड्यावरच्या छायाचित्रण कागदावर पडते. चुंबक केसभर हलला की कागदावरची रेघ ठळकपणे हलते. अशा जागी शिरणाऱ्याने किल्ल्या, चाकू आणि पोलादी बकलाचा पट्टा बाहेर ठेवायचा असतो. हवं-नको कागदावर लिहून संपत नाही, ते रोज खिसे रिकामे करून पाळावं लागतं.

१९०४ मध्ये अलिबागला नोंदी सुरू झाल्या, पण कुलाब्याच्या यंत्रांना लगेच कुलूप लागलं नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी बरोबरीने नोंदी घेतल्या गेल्या. दोन जागांची जमीन वेगळी, म्हणून आकडेही थोडे वेगळे. तो फरक एकदा नेमका कळला, की जुनी साखळी नव्या साखळीला जोडता येते. बँकेची जुनी संगणकप्रणाली बंद करण्याआधी नवी तिच्याशेजारी काही दिवस चालवून दोन्हींचे हिशेब ताडून पाहतात, ते हेच. मुंबईत विजेवरची पहिली ट्राम धावली ७ मे १९०७ रोजी. तोवर जोडणी झाली होती. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातल्या कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी दोन खंडांत छापून काढल्या.

ही पंचाईत एकट्या मुंबईची नव्हती. टोरांटोची चुंबकीय वेधशाळा ट्राममुळेच १८९८ मध्ये अॅजिनकोर्टला गेली. लंडनजवळच्या क्यूचं काम १९०८ मध्ये स्कॉटलंडातल्या एस्कडेलम्यूरला गेलं. ग्रिनिचची चुंबकीय यंत्रं विजेच्या रेल्वेमुळे १९२० च्या दशकात ॲबिंजरला हलली. मुंबईतही १९२५ पासून बोरीबंदर-कुर्ला मार्गावर विजेची गाडी आली. ट्राम नसती तरी त्या वेळी कुलाबा सोडावाच लागला असता.

हवं-नको आधी लिहून काढायची ही शिस्त शब्दांत मांडायला संगणकाच्या जगाला बरीच वर्षं लागली. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव रूढ केलं ते १९६८ च्या जर्मनीतल्या गार्मिश परिषदेने. विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधातल्या आकृतीत पहिल्या दोन चौकटी रिक्वायरमेंटच्या आहेत. त्या कशा लिहाव्यात याचं आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेचं मार्गदर्शक आलं १९८४ मध्ये. प्रणालीने काय करावं हे त्यात येतंच. शिवाय ती किती वेगवान, किती भरवशाची, किती सुरक्षित असावी याही अटी येतात. गिऱ्हाईक या अटी आपणहून क्वचितच बोलतं. त्या ठाऊक असतात रोज ती यंत्रणा वापरणाऱ्याला. अलिबागच्या बाबतीत सोय अशी, की यादी करणारा आणि वापरणारा एकच होता. सुई कशाने बिघडते हे मूस यांना कुणाला विचारावं लागलं नाही.

३१ मार्च १९६४ रोजी रात्री मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. अलिबागच्या नोंदी तेव्हा साठ वर्षांच्या झाल्या होत्या, आणि ज्या वाहनामुळे त्या सुरू झाल्या ते वाहनच उरलं नव्हतं. १९७१ मध्ये वेधशाळेचं काम भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे गेलं. त्या संस्थेचं मुख्यालय आज नवीन पनवेलला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे.

दरम्यान अलिबागला मूस यांच्या यादीत नसलेलं एक काम लागलं. चुंबकीय विषुववृत्ताच्या वर, सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर, दिवसा विजेचा एक जोरदार पट्टा वाहतो. भारतात तो दक्षिण टोकावरून जातो. त्याची ताकद ठरवायला त्या पट्ट्याखालचं तिरुनेलवेली लागतं आणि पट्ट्याचा प्रभाव जिथे नाही असं एक ठाणंही लागतं. तिथे अलिबाग येतं. तिरुनेलवेलीच्या आकड्यातून अलिबागचा आकडा वजा करतात. जे उरतं, ते त्या पट्ट्याचं.