धनुष्यावर एक पिन लावावी की पाच? अमेरिकन शिकाऱ्यांचा हा वाद नेमका काय आहे?

अमेरिकेत सप्टेंबर उजाडला की बऱ्याच राज्यांत धनुष्यबाणाने शिकार करायचा हंगाम सुरू होतो. परवाना काढून लाखो लोक हरणाच्या मागावर जंगलात शिरतात. या मंडळींमध्ये एक वाद वर्षानुवर्षं चालू आहे. नेम धरायला धनुष्यावर एक पिन लावायची की पाच?

ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण इथे चूक झाली तर किंमत हरीण मोजतं. बाण हृदय किंवा फुफ्फुसात बसला तर ते लवकर मरतं. तोच पोटात बसला तर ते जखमी अवस्थेत पळून जातं, तासन् तास तडफडतं आणि कित्येकदा सापडतही नाही. म्हणून हा वाद समजून घेऊ.

हे पिन प्रकरण काय आहे?

आजचे बहुतेक शिकारी कंपाउंड धनुष्य वापरतात. दोन टोकांना चाकं असलेलं हे धनुष्य मिसुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी शोधलं आणि १९६९ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. चाकांमुळे दोरी पूर्ण ओढली की हातावरचा भार एकदम कमी होतो. त्यामुळे नेम धरायला चार क्षण जास्त मिळतात.

या धनुष्याच्या मुठीच्या वर एक गोल कडी बसवलेली असते. तिलाच बो साइट म्हणतात. कडीच्या आत बारीक पिना असतात आणि त्यांच्या टोकाला हिरवा, लाल किंवा पिवळा ठिपका चमकतो. दोरीत बसवलेल्या छोट्या भोकातून पाहायचं, ठिपका सावजावर टेकवायचा आणि बाण सोडायचा.

मग एकापेक्षा जास्त पिना कशाला?

कारण बाण सरळ रेषेत जात नाही. तो सुटल्या क्षणापासून खाली येऊ लागतो. ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेग असलेला बाण धरू. पिन ३० यार्डांवर, म्हणजे साधारण २७ मीटरवर जुळवली आहे आणि हरीण ४० यार्डांवर, म्हणजे साधारण ३७ मीटरवर उभं आहे. ढोबळ गणित केलं तर बाण जवळपास २० सेंटीमीटर खाली लागेल.

हरणाच्या हृदय-फुफ्फुसाचा भाग असतो साधारण २० ते २५ सेंटीमीटर रुंद. त्याच्या मधोमध नेम धरला तर वरखाली फक्त १०-१२ सेंटीमीटरची सूट मिळते. म्हणजे अंतराच्या अंदाजात १० यार्डांची चूक झाली की बाण भलतीकडेच जातो.

मल्टी पिन: सगळं आधीच तयार

पाच पिनांच्या साइटवर वरपासून खाली २०, ३०, ४०, ५० आणि ६० यार्डांच्या पिना जुळवलेल्या असतात. हरीण ३० वर असताना नेम धरला आणि ते चालत ४० वर गेलं, तर फक्त खालची पिन धरायची. हात हलवायचा नाही, काही फिरवायचं नाही. हरीण मधेच ३५ वर थांबलं तर दोन पिनांच्या मधोमध नेम धरायचा.

तोटा काय? गर्दी. पाच ठिपक्यांमागे सावजाचा बराचसा भाग झाकला जातो. बऱ्याच राज्यांत सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकारीची मुभा असते. त्या अंधुक उजेडात ठिपके एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. त्यात समोर मोठं सावज आलं की छाती धडधडते आणि चुकीची पिन धरली जाते. वरच्याच बाणाचा हिशेब लावला, तर ४० यार्डांवरच्या हरणासाठी २० ची पिन धरल्यास बाण फूटभरापेक्षा जास्त खाली जाईल.

सिंगल पिन: एकच ठिपका, पण काम आधी

इथे कडीत एकच पिन असते आणि बाजूला अंतराचे आकडे लिहिलेली पट्टी. रेंजफाइंडरने अंतर मोजायचं, चाक फिरवून पिन त्या आकड्यावर आणायची आणि नेम धरायचा. सावज ३७ यार्डांवर असेल तर पिनही बरोबर ३७ वर. अंदाज नाही, गर्दी नाही, चुकीची पिन धरायचा प्रश्नच नाही.

पण दोरी ओढल्यावर हरीण दहा यार्ड पुढे सरकलं तर? दोरी सैल सोडा, अंतर पुन्हा मोजा, चाक फिरवा, पुन्हा ओढा. एवढी हालचाल हरणाला दिसली की ते पसार. दुसरी नेहमीची चूक म्हणजे मागच्या वेळी ४० वर नेलेली पिन परत २० वर आणायला विसरणं.

आपल्या खेळाडूंना हा प्रश्न का पडत नाही?

२०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात वैयक्तिक विश्वविजेते झाले. त्यांच्या स्पर्धेत लक्ष्य बरोबर ५० मीटरवर असतं आणि ते जागचं हलत नाही. अंतर ठरलेलं असलं की नेमाचा एकच बिंदू पुरतो. जंगलात अंतर कुणी ठरवून देत नाही, म्हणून हा वाद शिकाऱ्यांचा आहे. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्यप्राण्यांची शिकार गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.)

मग निवडायचं काय?

अमेरिकेच्या पूर्वेकडे दाट जंगलात मचाणावर बसून व्हाइटटेल हरणाची वाट पाहतात. तिथे सावज बहुधा २० यार्डांच्या आसपास येतं. पिन २० वर ठेवली आणि हरीण २५ वर थांबलं तरी बाण चार-पाच सेंटीमीटरच खाली जातो. तिथे सिंगल पिन आरामात चालते.

पश्चिमेकडच्या डोंगराळ, मोकळ्या मुलखात एल्कच्या मागे चालत फिरावं लागतं. सावज हलत राहतं, अंतर क्षणाक्षणाला बदलतं. तिथे मल्टी पिन कामी येते.

मधला मार्गही आहे. काही साइटमध्ये तीन पिना स्थिर जुळवलेल्या असतात आणि लांबच्या अंतरासाठी पूर्ण कडीच चाकाने खाली सरकवता येते. किंमत आणि वजन मात्र वाढतं.

थोडक्यात, दोन्ही साइटमध्ये चूक होऊ शकते, फक्त तिची वेळ वेगळी. सिंगल पिनमध्ये दोरी ओढण्याआधी अंतर लावताना चुकतं, मल्टी पिनमध्ये दोरी ओढल्यावर पिन निवडताना. आपला हात कुठे चुकतो हे सरावातच कळतं. आणि अंतराची खात्री नसेल, तर साइट कोणतीही असो, बाण न सोडणं हाच शिकाऱ्याचा धर्म.

तुम्हाला काय वाटतं, गडबडीत तुमचा हात कुठे चुकला असता? कमेंटमध्ये नक्की सांगा.